नववीत जर्मनचे मार्क घसरले, विषय सोडायचा का?

‘नमस्कार मॅडम. आम्ही चिंचवडला राहतो. माझा मुलगा सीबीएसईच्या शाळेत नववीत आहे. सगळे म्हणाले स्कोअरिंग आहे, म्हणून सहावीत त्याने जर्मन घेतली. आठवीपर्यंत नव्वदच्या खाली कधी आला नाही, त्यामुळे नववीतही इंग्रजीबरोबरची दुसरी भाषा म्हणून जर्मनच ठेवली. आता सहामाहीत ८० पैकी ४१ मिळालेत. ‘डेअर, डी, डास’चे तक्ते भिंतीवर लावलेत, रोज पाठ करतो, तरी पेपरात चुकतं. परवा वही फेकून ‘मला नाही करायचं हे’ म्हणाला. सासूबाई तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवत होत्या. त्या म्हणतात, अजूनही संस्कृत घेऊ दे. मिस्टर चाकणला नोकरीला आहेत, त्यांच्या कंपनीत जर्मन लोक येत-जात असतात. ते म्हणतात, सोडायची नाही, जर्मनीत शिक्षण फुकट असतं. शेजारच्या मुलीने मॅक्सम्युलरची परीक्षा दिली, तसा क्लास लावू का? मला स्वतःला जर्मनचं ओ की ठो कळत नाही. घरात मी त्याला मदत तरी काय करणार?’
– एक आई, चिंचवड

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचताना ४१ या आकड्यापेक्षा ती फेकलेली वही मनाला लागली. बावीस वर्षं मी आठवी ते दहावीच्या मुलांना जर्मन शिकवते आहे. नववीची सहामाही झाली की असे फोन दरवर्षी येतात. आणि बहुतेक वेळा ते अशाच मुलांच्या घरून येतात, ज्यांना आधीची तीन वर्षं छान मार्क होते. म्हणून आधी एवढं सांगते, तुमचा मुलगा आळशी झालेला नाही आणि त्याची बुद्धीही कमी झालेली नाही. ज्या पद्धतीने त्याने आजवर अभ्यास केला, ती पद्धत या वर्गात पुरत नाही. ते त्याला कुणी सांगितलेलं नाही.

विषय सोडू नका. सीबीएसईत नववीलाच विषयांसकट नोंदणी होते आणि दहावीची परीक्षा त्याच विषयांची द्यायची असते. दहावीत विषय बदलायचा तर शाळेमार्फत सबळ कारण देऊन बोर्डाची परवानगी मागावी लागते. ती मिळाली असं धरलं, तरी जी मुलं सहावीपासून संस्कृत शिकत आली आहेत त्यांच्या बरोबरीला त्याला काही महिन्यांत यावं लागेल. मधेच भाषा बदलणं किती जड जातं हे आपण सगळ्यांनी २०१४ मध्ये पाहिलं आहे. केंद्रीय विद्यालयांत २०११ च्या करारानुसार सहावी ते आठवीला जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकवली जात होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये, वर्ष अर्ध्यावर आलेलं असताना, ती काढून तिथे संस्कृत आणायचं ठरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी त्या वर्षापुरती मुलांची संस्कृतची परीक्षा घ्यायची नाही असं सरकारला सांगावं लागलं. संस्कृत चांगलं की जर्मन चांगली हा मुद्दाच नव्हता. अर्ध्या वर्षात कुठलीही भाषा मुलाच्या अंगात उतरत नाही. तुमच्या मुलाची तीन वर्षांची जर्मन त्याच्याजवळ आहे, आणि ती त्याला वाटते तितकी कच्ची नाही.

आता घसरलं कुठे ते बघू. सहावी ते आठवी जर्मनमध्ये काय असतं? माझं नाव अमुक, माझं कुटुंब, रंग, आठवड्याचे वार, मी काय खातो, माझी खोली. वाक्यं तयार मिळतात, ती पाठ करून तशीच लिहायची. हुशार मुलाला यात नव्वद मिळणारच. नववीत त्याच शब्दांना विभक्ती लागते. नामाआधी त्याच्या लिंगानुसार ‘डेअर’, ‘डी’ किंवा ‘डास’ येतं, त्यातल्या ‘डेअर’चं कुठे ‘डेन’ होतं, कुठे ‘डेम’ होतं. क्रियापद वाक्याच्या दुसऱ्या जागेवरून उठून एकदम शेवटी जाऊन बसतं. पाठ केलेलं वाक्य जसंच्या तसं पेपरात येत नाही. अशा वेळी मूल काय करतं, तर आणखी पाठ करतं. भिंतीवर आणखी एक तक्ता लागतो. शब्दाचं लिंग तक्त्यात सापडतं, पण हा शब्द या वाक्यात काय काम करतो आहे हे तक्त्यात लिहिलेलं नसतं. ते कळल्याशिवाय कुठला रकाना बघायचा हेच समजत नाही.

हे कळायला त्याच्याजवळ एक मोठा आधार आहे, आणि मला खात्री आहे की शाळेत आजवर कुणी त्याचा उपयोग केलेला नाही. तो आधार म्हणजे तुमच्या घरात बोललं जाणारं मराठी.

आमच्या वर्गांमध्ये जर्मन इंग्रजीतून शिकवली जाते. मीही पहिली काही वर्षं तशीच शिकवली. ‘डाटिफ म्हणजे इनडायरेक्ट ऑब्जेक्ट’ असं फळ्यावर लिहायचे. समोरची मुलं लिहून घ्यायची आणि कोरी करकरीत नजर ठेवून बसायची. त्यांची चूक नव्हती. इंग्रजीत नामाला विभक्ती जवळजवळ उरलेलीच नाही. जी गोष्ट त्या भाषेत दिसतच नाही ती त्या भाषेतून मुलाला कशी दिसणार? एकदा मी ‘मीर इस्ट काल्ट’ हे वाक्य फळ्यावर लिहिलं. अर्थ, मला थंडी वाजते आहे. इंग्रजीतून विचार करणारी मुलं इथे हमखास ‘इश बिन काल्ट’ लिहितात, म्हणजे ‘मी थंड आहे’. मागच्या बाकावरची एक मुलगी सहज म्हणाली, ‘मॅडम, आपण पण मी थंडी वाजतो असं नाही म्हणत. मला वाजते म्हणतो.’ बस्स. त्या दिवसापासून मी डाटिफ शिकवायची पद्धत बदलली.

थंडी ‘मला’ वाजते. सिनेमा ‘मला’ आवडतो, जर्मनमध्ये तो ‘मीर’ आवडतो. पाय ‘माझा’ दुखत असला तरी बरं ‘मला’ वाटत नाही, जर्मनमध्येही तसंच. मी ‘तुला’ मदत करते, ‘इश हेल्फे डीर’. मी ‘मुलाला’ सफरचंद देते, ‘इश गेबे डेम किंट डेन आप्फेल’. इथे ज्याला दिलं त्याला आपण ‘ला’ लावला आणि जे दिलं ते सफरचंद मोकळं ठेवलं. जर्मनने ज्याला दिलं त्याला ‘डेम’ लावलं आणि जे दिलं त्याला ‘डेन’. एवढं समजलं की नववीच्या व्याकरणाचा मोठा डोंगर ओलांडला.

तुमच्या सासूबाईंना हे एका मिनिटात कळेल. जर्मनमध्ये विभक्ती चारच: नोमिनाटिफ म्हणजे प्रथमा, आकुझाटिफ म्हणजे द्वितीया, डाटिफ म्हणजे चतुर्थी आणि गेनिटिफ म्हणजे षष्ठी. ज्यांनी तीस वर्षं मुलांकडून आठ विभक्ती घोटून घेतल्या त्यांना या चार काय जड आहेत?

एक खाचखळगा मात्र आधीच दाखवून ठेवते, कारण मराठी मुलांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते. आपल्याकडे द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींचे प्रत्यय सारखेच, दोन्हीकडे ‘स’ आणि ‘ला’. म्हणून ‘ला’ दिसला की डाटिफ असं समजायचं नाही. ‘मी तुला विचारते’ यातही ‘ला’ आहे, पण जर्मनमध्ये तिथे द्वितीया लागते, ‘इश फ्रागे डिश’. मी स्वतः शिकताना कित्येक महिने तिथे ‘डीर’ लिहीत होते आणि माझे मार्क जात होते. ‘मी मुलाला बघते’ हेही तसंच. अशी काही क्रियापदं आहेत, ती वेगळी लिहून ठेवावी लागतात. विचारणं, बघणं, ऐकणं, हाक मारणं, भेट द्यायला जाणं यांना जर्मनमध्ये द्वितीया चालते. मदत करणं, आभार मानणं, उत्तर देणं, आवडणं यांना चतुर्थी. ही यादी छोटी आहे आणि ती पाठ केलेली चालेल. पाठांतराच्या मी विरोधात नाही. समजलेल्या गोष्टीचं पाठांतर टिकतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

लिंगाचं बघू. ‘टेबलाला कसलं आलंय पुरुष-बाई’ असं म्हणून हिंदी-इंग्रजीतून येणारी मुलं वैतागतात. इंग्रजीत नामांना लिंगभेद नाही, हिंदीत दोन लिंगं आहेत. मराठीत जर्मनसारखीच तीन, तो, ती आणि ते. ‘डास किंट’ म्हणजे ‘ते मूल’, ‘डास बुख’ म्हणजे ‘ते पुस्तक’, ‘डास हाउस’ म्हणजे ‘ते घर’, ‘डास वासर’ म्हणजे ‘ते पाणी’. मुलीला जर्मनमध्ये ‘डास मेडशेन’ म्हणतात, नपुंसकलिंगी. याचं इतरांना फार आश्चर्य वाटतं. पण तुमच्या नात्यात कुणी कोकणातलं असेल तर त्यांना विचारा, तरुण मुलीला ‘तें चेडूं’ म्हणतात. आपल्या घाटावरही ‘किती गुणी पोर आहे ते’ असं म्हणताना कुणी अडखळत नाही.

पण, आणि हा ‘पण’ मोठा आहे, मराठीतलं लिंग उचलून जर्मन शब्दाला लावायचं नाही. खुर्ची आपली ‘ती’, जर्मनमध्ये ‘डेअर श्टूल’. खिडकी ‘ती’, तिकडे ‘डास फेन्स्टर’. दिवा ‘तो’, तिकडे ‘डी लाम्पे’. सूर्य तर चक्क ‘डी झोने’, स्त्रीलिंगी. मराठीतून घ्यायची ती सवय. आपण ‘बस’ हा परका शब्द घेतला आणि न शिकवता ‘ती बस’ म्हणू लागलो, ‘तो ट्रक’, ‘ते टेबल’. शब्द आला की त्याचं लिंग त्याच्यासोबत आलं. त्या ‘ती’शिवाय आपल्याला ‘मोठी बस’ की ‘मोठा बस’ हेच कळणार नाही. जर्मन मूलही ‘टिश’ हा शब्द एकटा शिकत नाही, ‘डेअर टिश’ असा जोडीने शिकतं.

तेव्हा भिंतीवरचे तक्ते काढून टाका. खरंच काढा. त्याऐवजी एक वही, आणि त्यात प्रत्येक नाम त्याच्या ‘डेअर-डी-डास’सकट आणि अनेकवचनासकट. पुल्लिंगी निळ्या शाईने, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरव्या, आणि त्या शब्दाचं स्वतःचं एक वाक्य खाली. दिवसाला पाच शब्द पुरेत. शेवट ओळखायलाही त्याला शिकवा. ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’, ‘शाफ्ट’ यांनी संपणारी नामं स्त्रीलिंगी, ‘शेन’ने संपणारी लाडाची नामं नपुंसकलिंगी. दिवा, घोडा, पंखा असे ‘आ’कारान्त शब्द बहुतेक पुल्लिंगी हे जसं आपल्याला कानाने कळतं, तसंच.

वाक्यरचनेत तर मराठी त्याच्या अगदी हातात आहे. नववीत ‘वाइल’ शिकवतात, म्हणजे ‘कारण’. वर्गातली निम्मी मुलं त्यापुढे इंग्रजी क्रमाने लिहितात आणि क्रियापद मधे टाकतात. जर्मन वाक्य आहे ‘वाइल इश क्रांक बिन’. शब्दाखाली शब्द ठेवा: कारण – मी – आजारी – आहे. एकही शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही. जोडलेल्या वाक्यात जर्मन क्रियापद शेवटी टाकते, आपण तर नेहमीच टाकतो. तुमच्या मुलाने असं वाक्य लिहिण्याआधी मनात मराठीत म्हणावं. इंग्रजीत म्हणून मग जर्मनमध्ये आणलं की चुकतं. साध्या, एकट्या वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्याच जागी हवं, तिथे मराठीच्या भरवशावर राहायचं नाही.

आकडे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. जर्मनमध्ये ४७ म्हणजे ‘झीबेन-उंड-फिर्त्सिश’, सात आणि चाळीस. ऐकायच्या परीक्षेत फोन नंबर, किंमत, गाडीची वेळ आली की मुलं ४७ चे ७४ करतात. पण ‘सत्तेचाळीस’ म्हणताना आपण काय करतो? आधी सात, मग चाळीस. पंचवीस म्हणजे पाच आणि वीस, ‘फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश’. जी मुलं घरी मराठीत आकडे बोलतात त्यांना हे दोन दिवसांत जमतं, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. अडचण अशी की इंग्रजी माध्यमातल्या पुष्कळ मुलांना सत्तेचाळीस म्हणजे किती हेच सांगता येत नाही. तुमच्याकडेही असं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, आजपासून सुरू करा. भाजीचा हिशेब, रिक्षाचं भाडं, क्रिकेटचा स्कोअर मराठीत बोला. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस इथे सांभाळा. आपण तिथे तिसातून एक कमी करतो, जर्मन सरळ नऊ आणि वीस म्हणते.

घड्याळाचं तर काय सांगू. ‘हाल्ब फिअर’, शब्दशः अर्धा चार, म्हणजे साडेतीन. साडेचार नव्हे. शिकायला लागले त्या वर्षी एका जर्मन पाहुण्या बाईंनी मला पुण्यात ‘हाल्ब फिअर’ला भेटायला बोलावलं होतं. मी साडेचारला पोचले. त्या तासभर वाट बघून निघून गेल्या होत्या. ती भेट पुन्हा झाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे कळलं की हाच हिशेब आपल्याच भाषेत लपलेला आहे. आपलं ‘अडीच’ आलं संस्कृतच्या ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे तिसरा अर्धा. जर्मनमध्ये अडीच वाजले की म्हणतात ‘हाल्ब ड्राय’, अर्धा तीन. अगदी तेच! ‘दीड’चंही तसंच, ते ‘द्व्यर्ध’वरून, दुसरा अर्धा, आणि जर्मनमध्ये दीडला जुना शब्द आहे ‘आंडर्टहाल्ब’, तोही दुसरा अर्धा. हे सासूबाईंना नक्की सांगा. माझी खात्री आहे, त्या हा धडा स्वतःच घ्यायला बसतील.

उच्चारात एकच सांगते. जर्मन ‘झेड’ अक्षराचा उच्चार म्हणजे आपल्या ‘चाक’ आणि ‘चमचा’तला च. चहातला च नाही. दहाला जर्मनमध्ये म्हणतात ‘त्सेन’, तो त्या ‘चाक’च्या च ने सुरू होतो. अनेक भाषकांना हा आवाज मुद्दाम बसवावा लागतो, आपल्याला तो जन्मापासून येतो.

सासूबाईंबद्दल दोन शब्द, कारण त्यांच्या म्हणण्यात तळमळ आहे आणि ती मला मोलाची वाटते. त्यांना वाटत असेल की नातवाने संस्कृत सोडून परकं काहीतरी घेतलं. पण या दोन भाषांचा आपल्या पुण्यात फार जुना घरोबा आहे. फ्रान्झ कीलहॉर्न हे जर्मन विद्वान १८६६ ते १८८१ पर्यंत डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी संपादित केलेली आवृत्ती अभ्यासक आजही वापरतात. ब्योटलिंक आणि रोट यांचा १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्गला छापलेला सात खंडांचा संस्कृत कोश आहे, त्यात संस्कृत शब्दांचे अर्थ जर्मनमध्ये दिले आहेत. तो वाचता यावा म्हणून संस्कृतच्या अभ्यासकांना जर्मन शिकावी लागत असे. आणि ज्यांच्या नावाचं भवन बोट क्लब रोडला आहे ते मॅक्स म्युलर, ज्यांना आपली जुनी मंडळी मोक्षमूलर म्हणत, ते ऋग्वेदाचे संपादक. भारतात ते कधी आलेच नाहीत. नातवाला जर्मन आली तर आजीच्या विषयाचं एक मोठं दालन त्याला उघडेल. आजीने रोज अर्धा तास त्याच्याकडून ‘राम’ चालवून घ्यावा आणि मग त्याने तिला ‘डेअर मान’ चालवून दाखवावा.

मिस्टरांना काय सांगायचं? शाळेत जर्मन घेतली म्हणून जर्मनीत प्रवेश मिळत नाही आणि घेतली नाही म्हणून अडत नाही. भाषा किती येते ते युरोपात ए१ या सगळ्यात खालच्या पातळीपासून सी२ या सगळ्यात वरच्या पातळीपर्यंत सहा पायऱ्यांत मोजतात. शाळेतली जर्मन ए१, फार तर ए२ पातळीपर्यंत जाते. तिथे जर्मन माध्यमातून पदवी करायची तर साधारण सी१ लागतं. फक्त बारावीच्या गुणपत्रिकेवर थेट पदवीला प्रवेश सहसा मिळतही नाही. ‘फुकट’ हे अर्धंच खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. आणि व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे पैसे आधी बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात, ते सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहेत. हे सगळं बारावीनंतर बघायचं. नववीच्या मुलाच्या डोक्यावर जर्मनीचं तिकीट ठेवलं की त्याला प्रत्येक चुकलेला ‘डेम’ म्हणजे आयुष्य चुकल्यासारखा वाटतो. कृपा करून मिस्टरांनी या वर्षी त्याच्यासमोर तो विषय काढू नये. त्याऐवजी कंपनीत कुणी जर्मन सहकारी आले तर मुलाची त्यांच्याशी पाच मिनिटांची ओळख करून द्यावी. ‘माझं नाव अमुक, मी नववीत आहे’ एवढं तो बोलला आणि समोरच्याला ते समजलं, तर त्याचा जो उपयोग होईल तो कुठल्याही क्लासने होणार नाही.

क्लासचं म्हणाल तर आत्ता नको. शेजारच्या मुलीने दिली ती बहुधा ‘फिट इन डॉइच’ असणार, किशोरवयीन मुलांसाठीची ग्योएटे इन्स्टिट्यूटची, म्हणजे आपण ज्याला मॅक्सम्युलर भवन म्हणतो त्या संस्थेची, परीक्षा. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं अशा चारही गोष्टी त्यात बघतात आणि उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात. परीक्षा चांगली आहे. शाळेच्या पेपरात बोलण्याला फारसा वाव नसतो, तो तिथे मिळतो. पण तिचे मार्क शाळेच्या निकालात धरत नाहीत. आज आधीच खचलेल्या मुलावर आणखी एक परीक्षा टाकायची नाही. वार्षिक परीक्षेनंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यालाच विचारा, देऊन बघायची आहे का. हो म्हणाला तर क्लास लावा. कानाला सवय व्हावी म्हणून डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे नवशिक्यांसाठीचे व्हिडिओ धडे मोफत आहेत. रोज दहा मिनिटं, मार्कांचा विचार न करता.

आणि आता तुम्ही. तुम्हाला जर्मन येत नाही हे मला उलट बरं वाटलं. मुलाचा अभ्यास घेणारे बरेच पालक उत्तरं आधीच सांगून टाकतात. तुम्ही तसं करू शकणार नाही. रोज रात्री जेवताना त्याने तुम्हाला एक जर्मन वाक्य शिकवावं, आणि तुम्ही एवढंच विचारावं: ‘यात कुणी केलं? काय केलं? कुणाला?’ त्याने ते मराठीत सांगावं. सांगता आलं तर व्याकरण समजलं, सांगता आलं नाही तर त्या शब्दावर खूण करून दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मॅडमना विचारायचं.

शाळेतही एकदा जाऊन या. तक्रार घेऊन जाऊ नका. उत्तरपत्रिका बघायला मागा आणि चुका मोजा. माझा अंदाज आहे की गेलेल्या ३९ मार्कांतले बरेचसे दोन-तीन ठिकाणीच गेले असतील: डाटिफ, ‘वाइल’नंतरचं क्रियापद, आणि पत्रलेखनात मधेच ‘झी’चं ‘डू’ झालेलं. हे शेवटचं आपली मुलं फार करतात. अनोळखी माणसाला पत्र सुरू करतात ‘तुम्ही’ने आणि चौथ्या ओळीत ‘तू’वर येतात. पत्र लिहून झाल्यावर फक्त तेवढंच तपासायला एकदा वाचायचं, असा नियम त्याला घालून द्या.

दिवाळीची सुट्टी आहे. पहिले दोन दिवस जर्मनचं नावही काढू नका, त्याला किल्ला करू दे, फराळ खाऊ दे. फेकलेली वही तशीच राहू दे, नवी घ्या. तिच्या पहिल्या पानावर ‘मला’ने सुरू होणारी दहा मराठी वाक्यं त्याने स्वतः लिहावीत: मला भूक लागली आहे, मला हे गाणं आवडतं, मला बरं वाटत नाही, अशी. मग आजीला शेजारी बसवून त्यातली जमतील तेवढी जर्मनमध्ये करावीत. सगळ्यांना ‘मीर’ लागणार नाही. ‘मला भूक लागली’ला जर्मन ‘माझ्याजवळ भूक आहे’ असं म्हणते, ते त्याला शोधून काढू दे. पान भरलं की फोटो काढून मला पाठवा. मी तपासून, प्रत्येक चुकीपुढे कारण लिहून परत पाठवीन.

तुमची,
जर्मनच्या मॅडम